आपल्या गावचा इतिहास लिहायचाय? मग एका गल्लीपासून सुरू करा

लातूरचा जुना इतिहास जमवायलोय हे लोकांना कळल्यापासून आठवड्याला एक-दोन मेसेज येतात, कुणी उदगीरहून, कुणी सेलूहून, कुणी अंबाजोगाईहून, की दादा आमच्यापण गावाचं असं काहीतरी लिहायचंय पण हात कुठं घालायचा ते कळंना. प्रत्येकाला वेगळं वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. मी प्राध्यापक नाही. दिवसा आडतीवर हिशोब लिहितो आणि संध्याकाळी, रविवारी हे काम करतो, सहा वर्ष झाली. म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून होतं हे.

पहिलं, काय करू नका ते सांगतो. राष्ट्रकूटांपासून सुरू करू नका. आमच्या लातूरवरचा कुठलाही विशेषांक काढा, पहिला पॅरा लत्तलूर, राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे हे येणार, ते खरंय आणि अभिमानाचंपण आहे, पण मग दुसऱ्या पॅऱ्यात एकदम निजाम, तिसऱ्यात मुक्तिसंग्राम, चौथ्यात शिक्षणाचा लातूर पॅटर्न, संपलं. मधली हजार वर्ष गायब, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या गंजगोलाईत आपण रोज उठून जातो तिथं पहिलं दुकान कुणी घातलं, हमाल कुठून आले, पाणी कुठून यायचं, यातलं काहीच नाही. राजांचं लिहायला विद्यापीठात माणसं आहेत, आपल्या गल्लीचं आपणच नाही लिहिलं तर कोण लिहिणार.

ही अक्कल मला चेन्नईच्या एका माणसाकडनं आली, एस. मुथय्या. जन्म १९३० चा, पल्लत्तूर नावाच्या गावातला, पण लहानपण कोलंबोत गेलं, शिकायला अमेरिकेत, मग कोलंबोच्याच 'टाइम्स ऑफ सिलोन' पेपरात १९५१ ते १९६८ नोकरी. मद्रासला राहायला आले ते अडतिसाव्या वर्षी, म्हणजे ज्या शहराचा इतिहासकार म्हणून त्यांना लोक ओळखतात तिथं ते तसे उपरेच. नकाशे छापणाऱ्या कंपनीत काम करायचे. हे मला लई महत्त्वाचं वाटतं कारण नकाशावर काम करणारा माणूस रस्ता बघतो, कोपरा बघतो, या रस्त्याला हे नाव का पडलं असं विचारतो, राजाची वंशावळ विचारत नाही. १९८१ ला 'मद्रास डिस्कव्हर्ड' नावाचं पुस्तक काढलं, आणि पुढं प्रत्येक आवृत्तीला ते वाढत वाढत जाडजूड झालं. १९९१ ला 'मद्रास म्युझिंग्ज' नावाचं पाक्षिक सुरू केलं, जुन्या इमारती पाडू नका म्हणून त्यातनं सतत लिहिलं. १९९९ पासून 'द हिंदू'त दर आठवड्याला सदर, ते २०१९ ला जाईपर्यंत, म्हणजे जवळपास वीस वर्ष.

आणि त्या सदरातली माझ्या सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वाचकांच्या पत्रांची जागा. कुणी लिहायचं की साहेब ते घर अमक्याचं नव्हतं तमक्याचं होतं, माझे आजोबा तिथं कारकून होते, की हे पुढच्या वेळी छापायचे. चूक असेल तर चूक म्हणून. त्यामुळं झालं काय, लोकांना कळलं की इथं आपलं ऐकून घेतात, मग कपाटातले फोटो, पत्रं, वह्या बाहेर यायला लागल्या. आपल्याला करायचंय ते हेच.

मराठीत ही वाट नवीन नाही बरंका. गोविंद नारायण माडगांवकरांनी 'मुंबईचे वर्णन' १८६३ ला काढलं, पुण्याचं ना. वि. जोशींनी १८६८ ला. दीडशे वर्षांहून जास्त झाली. पण ती मुंबई-पुण्याची. आमच्या मराठवाड्यातल्या किती गावांचं असं गल्लीवार वर्णन आहे? आमचे कागद निजामाच्या राज्यातले, उर्दूतले, काही फारसीतले, काही मोडीतले, आणि कितीतरी हैदराबादला पडलेले. म्हणून आपलं काम जरा अवघड आहे आणि म्हणूनच ते तातडीचं आहे, कारण ते कागद वाचू शकणारी आणि तो काळ डोळ्यानं बघितलेली माणसं आता नव्वदीला टेकलीत.

तर सुरुवात. गाव घेऊ नका, एक गल्ली घ्या. किंवा मोंढ्याची एक लाईन, किंवा वेशीपासून पारापर्यंतचा तुकडा. मी गंजगोलाई घेतली तेव्हा वाटलं होतं किती असेल, एक गोल तर आहे, मधी अंबाबाईचं मंदिर आणि चहूबाजूनं फुटलेले सोळा रस्ते, आराखडा फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा. पण सराफ, कापड, मिरची, गूळ, चप्पल, प्रत्येक रस्त्याचा धंदा वेगळा आणि माणसं वेगळी, सोळा रस्त्यांत मी हरवलो. शेवटी एकच रस्ता धरला. पंचेचाळीस दुकानं. त्यालाच मला दीड वर्ष लागलं.

एक मोठा कागद घ्या, चार्टपेपर चालतो, त्यावर आजची गल्ली काढा. स्केल वगैरे बघू नका, दुकानं ओळीनं यायला पाहिजेत. आजची नावं पेनानं आणि जुनी पेन्सिलनं, कारण जुनी नावं दहादा खोडावी लागतात. हा कागद घेऊनच म्हाताऱ्या माणसांकडं जायचं. नुसतं हात हलवत गेलात आणि म्हणलात "तात्या, गावाचा इतिहास सांगा", तर तात्या तुम्हाला शिवाजी महाराज सांगणार, नाहीतर म्हणणार मला काय माहिती, मी तर दोन यत्ता शिकलेला. त्याऐवजी कागद पुढं ठेवा आणि विचारा, "तात्या, तुमच्या दुकानाच्या उजव्या अंगाला कोण बसायचं?" मग बघा. एका शेजाऱ्यावरून दुसरा, त्याच्यावरून त्याची भांडणं, त्याच्यावरून त्या वर्षीचा पाऊस. सकाळी जाऊ नका, दुकानाची घाई असते. चारच्या चहाला जा.

बायकांना वेगळं भेटा, आणि नक्की भेटा. पुरुष माणसं दुकान सांगतात, बाया गाव सांगतात. माझ्याकडं पाण्याची सगळी माहिती तीन आज्यांकडनं आली, कुठल्या आडाचं पाणी गोड, कुठल्या आडावर कुणाला पोहरा टाकू द्यायचे नाहीत, कुणाला लांबूनच ओंजळीत पाणी वाढायचे. हे शेवटचं एकाही पुरुषानं मला आपणहून सांगितलं नव्हतं. दलित वस्तीत, हमालांच्या वस्तीत गेल्याशिवाय बाजाराचा इतिहास पुरा होत नाही, कारण मालक दुकान बदलतो पण पोतं उचलणारं घर तीन-तीन पिढ्या तिथंच असतं आणि त्याला सगळ्यांची गोदामं माहीत असतात.

आता साल. म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, सांगितलं तरी त्याच्यावर विसंबू नका. त्यांचं कॅलेंडर वेगळं असतं, ते तुम्ही वापरायला शिका. आमच्याकडं ठळक खुंट्या आहेत. रझाकारी आणि पोलिस ॲक्शन, म्हणजे १९४८ चा सप्टेंबर. महाराष्ट्र झाला ते १९६०. बहात्तरचा दुष्काळ. लातूर जिल्हा झाला ते १९८२. भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ती तारीख तर इथल्या पोरासोरांनापण पाठ आहे. आणि आता २०१६, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल. तर "तुमचं दुकान कधी घातलं?" असं विचारायचं नाही, "दुष्काळात दुकान होतं का? मग ॲक्शनच्या टायमाला? तेव्हा तुमचं लग्न झालेलं का?" असं विचारत विचारत दोन खुंट्यांच्या मधी आणायचं. बार्शी लाईटचीपण एक खुंटी आहे, नॅरोगेजची ती गाडी लातूरला १९११ ला आली, तेव्हाची माणसं आता नाहीत पण "गाडी यायच्या आधी आमचे पणजोबा बैलगाडीनं माल बार्शीला न्यायचे" हे घराघरात सांगतात, आणि तेवढ्यावरनं एखादं घराणं गाडीच्या आधीचं की नंतरचं ते कळतं.

मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण विचारून. सुरुवातीलाच माणसाचं नाव, वय, तारीख, जागा तोंडानं बोलून घ्या. घरी आल्यावर त्याच रात्री दुसरीकडं कॉपी करा. माझा फोन एकदा पाण्यात पडला आणि एका हमाल काकांचं दीड तासाचं बोलणं गेलं, परत गेलो तोवर काकाच गेले होते. ते मला अजूनपण लागून राहिलंय.

रझाकारीबद्दल जरा थांबून लिहितो कारण इथं लई जण घसरतात. रझाकारांनी गावागावात काय केलं ते लोक सांगतात, ते लिहाच. पण ॲक्शननंतर मुस्लिम वस्त्यांवर जे झालं तेपण लिहा. पंडित सुंदरलाल समितीनं त्यावर अहवाल दिलाय आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड ही नावं घेतलीत, म्हणजे आपलाच भाग. एका घरात बसून ऐकलं तर अर्धंच कळतं. मी एका चाचांकडं चार वेळा गेलो, तीन वेळा ते फक्त चहा पाजून इकडचं तिकडचं बोलले, चौथ्यांदा बोलले. जिथं आजच्या माणसाला त्रास होईल तिथं नाव छापू नका, आपल्या वहीत ठेवा.

आता कागद, आणि यातला खरा खजिना म्हणजे खरेदीखत. लोक म्हणतात खरेदीखतात काय आहे, रक्कम आणि सह्या. अहो, चतुःसीमा आहे! पूर्वेस म्युनिसिपालिटीचा रस्ता, पश्चिमेस अमक्या शेटचं गोदाम, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमक्याची खुली जागा. एका खतातनं तुम्हाला त्या वर्षीचे चार शेजारी मिळतात. आता शेजारच्याचं खत मिळालं तर अजून तीन. असं करत करत अख्ख्या गल्लीचं त्या काळचं चित्र तुमच्या चार्टपेपरवर उभं राहतं, आणि ते कुणाच्या आठवणीवर नाही तर स्टॅम्प पेपरवर. माझ्या पंचेचाळीस दुकानांपैकी अकरा घरांनी खतं दाखवली, तेवढ्यावर १९५० च्या आसपासची तीसेक दुकानं बसली. लोक खत दाखवायला घाबरतात, वाटतं जमिनीचा काही घोळ काढायला आलाय. म्हणून पहिल्या भेटीत मागू नका. फोटो काढताना रक्कम, हिस्से हाताखाली झाका आणि त्यांना दाखवा की झाकलंय, फक्त चतुःसीमा घ्या.

याशिवाय सिटी सर्व्हे झालेला असेल तर तिथली चौकशी नोंदवही, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, नगरपालिकेच्या टॅक्सच्या पावत्या, मारवाडी आणि लिंगायत पेढ्यांच्या वह्या, गणेश मंडळाचे जुने अहवाल, लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेवर दुकानाचा पत्ता असतो, ती बारीक गोष्ट आहे पण उपयोगी पडते.

आता साल वाचायची भानगड, इथं मी स्वतः आपटलोय. आमच्या रस्त्यावर एका इमारतीच्या चौकटीवर उर्दू आकड्यांत १३४८ कोरलंय. मी म्हणलं हिजरी, तक्ता बघितला, १९२९ आलं, लिहून टाकलं आणि ग्रुपवर पाठवलं. दोन दिवसांनी एका गुरुजींचा फोन, "बाळ, ते फसली आहे, हिजरी नाही, आमच्या वडिलांच्या दाखल्यावर असंच असायचं." निजामाच्या राज्यात कचेरीचा सगळा कारभार फसली सनावर, म्हणजे पीक-महसुलाच्या वर्षावर, चालायचा. फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे, म्हणजे १९३८-३९. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, कारण शेजारच्याचं १९३४ चं खत माझ्याकडं पडलेलं होतं आणि त्यात त्या जागेला स्पष्ट 'खुली जागा' लिहिलेलं. तेव्हा मी ते लिहिणाऱ्याची चूक समजलो होतो. चूक माझी होती. पुढच्याच रविवारी गुरुजींचं नाव घालून दुरुस्ती टाकली.

तर हे पाठ करून ठेवा. फसली साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं, म्हणून तारीख ऑक्टोबर ते डिसेंबरची असेल तर ५९० मिळवा, जानेवारीनंतरची असेल तर ५९१. पोलिस ॲक्शन फसली १३५७ मधली, ताळा करून बघा. महिन्यांची नावंपण वेगळी, आजूर, दै, बहमन, इस्फंदार अशी इराणी, ती दिसली की समजायचं फसली. देवळाच्या दगडावर शके असतो, त्यात ७८. पेढीच्या वहीत संवत असतो, त्यातनं ५६ किंवा ५७ वजा. हिजरीला मात्र सरळ बेरीज चालत नाही, चंद्राचं वर्ष लहान असतं, तक्ताच बघावा लागतो. आणि उर्दू आकडे पुसट झाले की दोन आणि तीन सारखेच दिसतात, तिथं दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.

जुनी नावं, जुने जिल्हे माहीत पाहिजेत नाहीतर कागद समोर असून सापडत नाही. निजामाच्या काळात लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, त्याच्याआधी तो जिल्हाच नळदुर्गच्या नावानं. अंबाजोगाईला मोमिनाबाद शोधा. जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत. कागदात 'अव्वल तालुकदार' आला तर तो तालुक्याचा माणूस नाही, तो कलेक्टर.

कागद कुठं बघायचे तर घरबसल्या आधी इंटरनेट अर्काईव्हवर जा, १८८४ चं औरंगाबादचं गॅझेटियर, १९०९ चं इंपीरियल गॅझेटियरचं हैदराबाद स्टेट, जुन्या जनगणनेचे अहवाल, फुकट आहेत. मग छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार, स्वामी रामानंद तीर्थ संशोधन संस्था, आणि शेवटी हैदराबादला तारनाक्याचं राज्य अभिलेखागार. हैदराबादला मात्र तयारीशिवाय जाऊ नका, गावाचं जुनं नाव, तालुका, जिल्हा आणि फसली साल चिठ्ठीवर लिहून न्या, परवानगीचं आधी विचारून घ्या, आणि उर्दू वाचणारा सोबत असेल तर उत्तमच. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती आली तेव्हा तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले मोडी-उर्दू दस्त बाहेर निघाले, कितीतरी स्कॅनपण झाले, तुमच्या जिल्ह्याच्या वेबसाईटवर बघा.

उर्दू येत नाही म्हणून अडू नका. आपल्या गावात रिटायर्ड उर्दू शिक्षक असतातच, शिवाय हैदराबाद संस्थानात शिकलेली जुनी हिंदू माणसंपण उर्दू वाचतात, माझे गुरुजी त्यातलेच. त्यांना असं काही वाचायला दिलं की त्यांचा चेहरा बघा तुम्ही. चार ओळी वाचायला सांगितल्या तर चार पानं वाचून, सोबत ती कचेरी कुठं होती, मुन्सफ कोण होता सगळं सांगतात.

लिहिताना एका वेळी एकच जागा, चारपाचशे शब्द, जास्त नाही. आणि प्रत्येक गोष्टीला आपल्या मनाशी एक खूण ठेवा, हे कागदावर आहे, हे दोघा-तिघांनी वेगवेगळं सांगितलंय, हे एकानंच सांगितलंय. लेखातपण तसंच लिहा, "असं सांगतात" म्हणायला लाज वाटू देऊ नका. औरंगाबादला बावन्न दरवाजे म्हणतात, म्हणू द्या, म्हण म्हणून नोंदवा, पण उभे असलेले जाऊन मोजा आणि मोजलेला आकडा वेगळा द्या.

लिहिलं की ठेवून देऊ नका, लगेच बाहेर काढा, व्हॉट्सॲप ग्रुप, गावातला साप्ताहिक पेपर, जिथं जमेल तिथं. पुस्तक होईपर्यंत थांबलात तर सुधारणारी माणसं राहणार नाहीत. चेन्नईत मुथय्या आणि त्यांच्या दोन मित्रांनी २००४ पासून २२ ऑगस्ट मद्रास डे म्हणून सुरू केला, १६३९ च्या त्या तारखेला कंपनीला मद्रासची जागा मिळाली म्हणून, आणि लोक त्या दिवसांत गल्ल्या फिरायला लागले. आम्ही गेल्या वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर आमच्या रस्त्यावर पंधरा जणांना घेऊन फिरलो, चार्टपेपर हातात धरून. दर चार दुकानाला कुणीतरी आतनं बाहेर येऊन म्हणायचं, थांबा, हे असं नव्हतं.

त्यातनंच पुस्तिका झाली, चाळीस पानांची, झेरॉक्सवाल्याकडून शंभर प्रती. शेवटची चार पानं मुद्दाम कोरी ठेवली, वर फक्त 'दुरुस्ती' लिहून, आणि सांगितलं की भरून परत द्या, नवीन प्रत फुकट. आजपर्यंत तेवीस परत आल्यात. एका प्रतीत एका अक्कांनी नातवाच्या हातनं लिहून घेतलंय की सतराव्या दुकानाच्या मागं आड होता, तो तुम्ही नकाशात दाखवलेलाच नाही, आणि खाली आडापर्यंत जायचा बोळ पेन्सिलनं काढून दिलाय.